रोलर हॉकीचे शिन गार्ड : माप कुठून घ्यायचे आणि घालून काय तपासायचे

"वाढत्या अंगाचे घ्या, दोन वर्षे पुरतील." हा सल्ला शर्टाला चालतो, शाळेच्या बुटालाही ओढूनताणून चालतो, शिन गार्डला, म्हणजे नडगी आणि गुडघा झाकणाऱ्या कवचाला, अजिबात चालत नाही. नडगीपेक्षा लांब गार्ड खाली स्केटच्या बुटावर टेकतो. खेळाडू गुडघा वाकवतो तेव्हा बूट गार्डला वर ढकलतो, गुडघ्यावरचा कप मांडीकडे सरकतो आणि त्याची खालची कड गुडघ्याच्या वाटीखाली रुतते. ते दुखते म्हणून मूल गुडघा वाकवणेच सोडून देते. प्रशिक्षक काठावरून "खाली बस, खाली बस" म्हणून ओरडत राहतात, आणि चूक मुलाची नसतेच, साइझची असते.

आधी काय घेऊ नये ते. फुटबॉलचे शिन गार्ड नकोत. ते समोरच्याच्या बुटाची लाथ अडवायला बनवलेले असतात. गुडघा उघडा राहतो आणि नडगीच्या दोन्ही बाजूही जवळपास उघड्याच राहतात. मैदानी हॉकीच्या गार्डचेही तेच, गुडघा त्यात नसतो. फुटबॉलचा गार्ड आणि वर स्केटिंगची नी कॅप ही जोडी पुष्कळ मुलांच्या पायात दिसते. दोन्हींच्या मध्ये गुडघ्याखाली तीन-चार बोटांची फट राहते आणि पळताना ती वाढत जाते. क्रिकेटचे पॅड तर घेऊच नका, त्यात स्केटिंगची ढांग पडत नाही.

धोका किती, याचा अंदाज नसला की स्वस्तात भागवावेसे वाटते. चाके दोन पुढे, दोन मागे अशी असलेल्या क्वाड स्केटवर खेळतात त्या रोलर हॉकीचा चेंडू 155 ग्रॅमचा आणि 23 सेंटिमीटर घेराचा असतो. म्हणजे वजनाला आणि आकाराला क्रिकेटच्या लेदर चेंडूच्या अगदी जवळचा, तोही 40 बाय 20 मीटरच्या बंदिस्त रिंकमध्ये (खेळायच्या जागेत), पाच-सहा मीटरवरून मारलेला. इनलाइन हॉकीत, म्हणजे चाके एका ओळीत असलेल्या स्केटवरच्या हॉकीत, चेंडूऐवजी पक (चपटी चकती) असते, ती हलकी. पण तिथेही काठीचे फटके नडगीवरच येतात आणि खाली सिमेंट असते. नडगीच्या आतल्या बाजूला कातडीखाली थेट हाड आहे, मध्ये स्नायूची गादी नाही. बोट फिरवून पाहा, लगेच कळेल. म्हणून कवच नडगीला पुढून आणि दोन्ही बाजूंनी कवेत घेणारे हवे, आणि गुडघ्याचा कप त्याच गार्डला जोडलेला हवा. गोलरक्षकाचे पॅड ही वेगळी वस्तू आहे. इथे सांगितलेले मैदानातल्या चौघांसाठी.

माप

स्केट घालून, नाडी नेहमीसारखी बांधून खुर्चीवर बसा. गुडघा काटकोनात, पाऊल जमिनीवर सपाट. गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध टेप धरा आणि नडगीवरून सरळ खाली बुटाच्या वरच्या काठापर्यंत मोजा. उभे राहून घेतलेले माप उपयोगाचे नाही, अनवाणी घेतलेले तर त्याहून नाही. दोन्ही पाय मोजा. फरक निघाला तर लहान माप धरा.

गार्डवरचा आकडा बहुधा इंचात असतो आणि तो कपाच्या मध्यापासून खालच्या कडेपर्यंतचा असतो, पूर्ण उंचीचा नसतो. गार्ड वरपासून खालपर्यंत मोजून "हा तर मोठा आहे" म्हणून परत ठेवणारे निम्मे लोक इथेच फसतात. 10 इंच म्हणजे साधारण 25 सेंटिमीटर, 12 म्हणजे 30, 14 म्हणजे साडेपस्तीस, 16 म्हणजे साडेचाळीस. क्वाडच्या गार्डवर कित्येकदा नुसते स्मॉल, मीडियम, लार्ज लिहिलेले असते. तसे असेल तर दुकानातच टेप लावून कपाच्या मध्यापासून खालपर्यंत मोजा. लेबलवर विसंबू नका.

माप दोन साइझच्या मध्ये आले तर लहान घ्या. बसलेल्या स्थितीत गार्डची खालची कड आणि बुटाचा काठ यांत एक बोट जागा राहिली पाहिजे. खेळताना नडगी पुढे झुकते, बुटाची जीभ वर येते आणि ही जागा आपोआप भरते. जागाच ठेवली नाही तर झुकताना गार्डला वर जाण्यावाचून गत्यंतर नसते. उलट दोन बोटांहून जास्त जागा राहिली तर साइझ लहान पडतोय. घोट्याच्या वरची ती उघडी पट्टी म्हणजे काठी लागायची नेमकी जागा.

क्वाडवरून इनलाइनकडे वळणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे: इनलाइन हॉकीचा बूट घोट्यावर जास्त उंच येतो, त्यामुळे पाय तोच असूनही गार्डचा साइझ एखाद-दोन इंचांनी खाली येऊ शकतो. नव्या बुटावर जुना गार्ड चढवून पाहिल्याशिवाय "आहे की घरात" म्हणू नका.

घालून पाहणे : खरी परीक्षा

माप बरोबर आले तरी गार्ड आरामशीर बसेलच असे नाही, आणि घाई होते ती इथेच. गार्ड पायाला लावून आरशासमोर दोन मिनिटे उभे राहण्याने काहीही कळत नाही. स्केट सोबत न्या. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

पहिली गोष्ट, कप. गुडघा वाकवलेला असताना गुडघ्याची वाटी कपाच्या मध्यभागी हवी. कपावर तळवा ठेवून हलके दाबा आणि आत वाटी कुठे लागते ते जाणवू द्या. वाटी कपाच्या वरच्या कडेला लागली तर गार्ड आखूड आहे, खालच्या कडेला लागली तर लांब.

मग खेळताना बसतो तसे खाली बसा, गुडघे पायाच्या बोटांच्या पुढे जातील इतके, आणि तिथेच वीसपर्यंत मोजा. खाली कुठे टोचतेय का? कप जागचा हलला का? आता एक गुडघा जमिनीवर टेका. रिंकमध्ये पडताना माणूस असाच पडतो. जमिनीला कपाचा कडक भाग लागला पाहिजे. कप बाजूला घसरला आणि गुडघा नुसत्या फोमवर आला तर तो गार्ड तुमचा नाही, कितीही मऊ लागू दे. मऊपणावर भाळू नका. दुकानात हाताला गुबगुबीत लागणारे जाड अस्तर घामाने भिजले की जड होते आणि पायावर सरकू लागते. थोडे पातळ, पण हाडाला सगळीकडून टेकणारे अस्तर केव्हाही बरे.

शेवटी फिरणे. पाय आडवा टाकून पाच-सहा क्रॉसओव्हर करा, मग खाली पाहा. कवचाची मधली रेषा नडगीच्या रेषेवरच असली पाहिजे. ती बाहेर सरकली असेल तर दोन कारणे संभवतात. कवच पायाला रुंद आहे, म्हणजे बारीक पायावर रुंद गार्ड. यावर उपाय नाही, दुसरा मॉडेल पाहा. किंवा पट्टे ओढताना गार्डच फिरवला गेला. पट्ट्यांची टोके पायाच्या बाहेरच्या बाजूला येतात, त्यामुळे जोरात ओढले की कवच त्या दिशेने वळते. एका हाताचा तळवा कवचावर दाबून धरायचा आणि दुसऱ्याने पट्टा ओढायचा, एवढे केले की बरेचदा काम होते. डावा-उजवा उलटा घातला असेल तर टोके दोन पायांच्या मध्ये येतात आणि एकमेकांत अडकतात, तेही पाहून घ्या.

पट्टे

गार्ड घसरतो म्हणून वरचा पट्टा करकचून आवळायचा, हा सर्वत्र चालणारा उपाय घातक आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, बोटाने चाचपले तर हाडाचा छोटा उंचवटा लागतो. त्याच्या मागून वळसा घालून एक मोठी नस (मज्जातंतू) पावलाकडे जाते आणि तिथे ती कातडीच्या अगदी लगत असते. पट्टा नेमका तिच्यावर आवळला गेला की पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात, नंतर पाऊल वर उचलायला जड जाते. मुंग्या आल्या की खेळ थांबवा, पट्टा सोडा. पट्टा सोडूनही पाऊल नीट उचलत नसेल तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जा.

वरचा पट्टा त्या उंचवट्याच्या खाली, पोटरी फुगायला सुरुवात होते तिथे बसवा आणि आत एक बोट सहज जाईल इतकाच घट्ट ठेवा. पोटरीचा फुगवटाच त्याला खाली येऊ देत नाही. गार्डला खरा धरतो तो खालचा पट्टा, पोटरी निमुळती होते तिथला. तो घट्ट चालतो. एवढे करूनही गार्ड घसरत असेल तर पट्ट्याचा दोष काढू नका, साइझकडे परत या.

बुटाची जीभ गार्डच्या आत ठेवायची की बाहेर, हा ज्याच्या त्याच्या सवयीचा प्रश्न. आत ठेवणार असाल तर गार्डचे खालचे तोंड तेवढे रुंद हवे. दुकानातही तसेच घालून पाहा.

आतला मोजा

गार्डखाली पातळ, लांब, पॉलिस्टरचा मोजा घाला. सुती मोजा घामाने भिजतो, त्याला चुण्या पडतात आणि चुणी पडेल तिथे कातडी सोलवटते. गार्ड टोचतोय अशी तक्रार आली की आधी मोजा ओढून सरळ करा.

जुना गार्ड घेताना

क्लबमधल्या मोठ्या मुलांचे गार्ड घ्यायला हरकत नाही. फोम अंगठ्याने दाबा. खड्डा तसाच राहिला तर फोम मेला आहे. रिबिटांभोवती कवचाला केसासारखी चीर आहे का ते उजेडात धरून पाहा. वेल्क्रो धरत नसेल तर पट्टे शिंप्याकडून बदलून मिळतात, त्यासाठी चांगला गार्ड सोडू नका.

देखभाल

खेळून आल्यावर गार्ड बॅगेतून बाहेर काढा. अस्तर निघत असेल तर साध्या पाण्यात सौम्य साबणाने धुवा, धुताना वेल्क्रो बंद ठेवा, आणि सावलीत वाळवा. कडक उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेल्या गार्डचा फोम लवकर कडक होतो. पावसाळ्यात आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून रात्रभर पंख्याखाली ठेवा.

वाढत्या वयाच्या मुलांचे माप दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्या, स्केट घालून, बसवून.