शेवटच्या चार अक्षरांपासून वाचा

मुलींनो, मराठी माध्यमातून जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला, आलेली मुलगी सर्वांत जास्त बिचकते ती ओटी लिस्टवरच्या, म्हणजे ऑपरेशनच्या यादीवरच्या, नावांना. इंग्रजीत लिहिलं तर कोलेसिस्टेक्टमी 15 अक्षरांचं, पॅन्क्रियाटिकोड्युओडेनेक्टमी 23 अक्षरांचं. पाठ केलं तर परीक्षेपुरतं टिकतं, वॉर्डात गेल्यावर आठवत नाही. म्हणून मी पाठांतर देत नाही. पेन्सिल घ्या आणि शब्द शेवटाकडून वाचा.

या नावांचा शेवट बहुधा एकच असतो : टी-ओ-एम-वाय. तिथे थांबू नका, त्याच्या आधी काय आहे ते बघा. ई-सी असेल तर एक्टमी, म्हणजे कापून बाहेर काढणं. नुसता ओ असेल तर ऑटमी, म्हणजे चीर देऊन उघडणं. अवयव जागेवरच राहतो. ओ-एस असेल तर ऑस्टमी, म्हणजे नवं तोंड तयार करणं. स्टोमा म्हणजे ग्रीकमध्ये तोंड. त्याचं कापण्याशी नातं नाही, अक्षरं तेवढी जुळली आहेत.

हा फरक मी नेफ्रो या शब्दावर शिकवते, कारण तिथे चूक चालणारच नाही. नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड. नेफ्रेक्टमी आणि नेफ्रॉस्टमी ही दोन्ही नावं 11 अक्षरांची, फरक फक्त दोन अक्षरांचा. पहिल्यात किडनी काढून टाकतात. दुसऱ्यात पाठीतून किडनीत नळी घालून अडलेली लघवी बाहेर काढतात, म्हणजे किडनी वाचवण्यासाठीच धडपड चाललेली असते. केसपेपरवर घाईघाईचं अक्षर असलं की ही दोन अक्षरं बोट ठेवून वाचा. वाचता आली नाहीत तर अंदाज बांधू नका, ज्यांनी लिहिलंय त्यांना विचारा.

मोठ्या आतड्याचंही तसंच. कोलेक्टमी म्हणजे मोठं आतडं, पूर्ण किंवा काही भाग, काढणं. कोलॉटमी म्हणजे त्याला चीर देणं. कोलॉस्टमी म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर आणणं, जिथे आपण पिशवी लावतो.

शेवट कळला की सुरुवातीला या. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टमी म्हणजे काढणं. पित्ताची पिशवी काढणं! मराठीत आपण ज्या क्रमाने बोलतो, अगदी त्याच क्रमाने शब्द उभा आहे. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी 1882 मध्ये ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली. आज ती बहुतेक वेळा दुर्बिणीतून होते आणि लिस्टवर नुसतं ‘लॅप कोले’ एवढंच लिहिलेलं असतं.

आता 23 अक्षरांचा शब्द फोडू. पॅन्क्रियाटिको म्हणजे स्वादुपिंडाचं. ड्युओडेन म्हणजे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग. लॅटिनमधल्या ‘बारा’ या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आलं, कारण त्याची लांबी 12 बोटं आडवी ठेवल्याइतकी धरत. शेवटी एक्टमी. म्हणजे स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग आणि हा आतड्याचा भाग एकत्र काढणं. ॲलन व्हिपल यांनी 1935 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली, म्हणून वॉर्डात तिला व्हिपल म्हणतात.

जोडणीचा एक नियम लक्षात ठेवा, शाळेत संधी शिकलात तसाच आहे. नेफ्रो अधिक एक्टमी, पण नेफ्रोएक्टमी होत नाही. पुढचा शेवट स्वराने सुरू होत असेल तर मधला ओ गळतो. नेफ्रोस्कोपीत, म्हणजे किडनी दुर्बिणीने आतून बघण्यात, तो राहतो. दोन अवयवांच्या नावांमध्ये मात्र पुढे स्वर असूनही टिकतो, जसं गॅस्ट्रो (जठर) आणि एंटेर (आतडं) मिळून गॅस्ट्रोएंटेरायटिस.

टी-ओ-एम-वाय दिसलं की ऑपरेशनच असतं असं नाही. ॲनॅटमी तुमचा विषयच आहे. फ्लेबॉटमी म्हणजे शिरेतून रक्त काढणं.

सगळ्यात जीव लावून शिकावं असं नाव म्हणजे हिस्टेरेक्टमी, गर्भपिशवी काढणं. तिच्यापुढे सॅल्पिंगो-ऊफोरेक्टमी जोडलेलं असेल तर गर्भनलिका आणि बीजांडकोषही काढायचे आहेत. दोन्ही बाजूंचे बीजांडकोष गेले की बाईची रजोनिवृत्ती लगेच सुरू होते, मग ती 30 वर्षांची का असेना. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचा प्रश्न 2019 मध्ये गाजला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कन्सेंटवर, म्हणजे संमतीच्या फॉर्मवर, सही किंवा अंगठा घेण्याआधी काय काढणार आणि काय राहणार हे डॉक्टरांनी समजावून सांगायचं असतं. पण पेशंट मागाहून हळूच विचारते ती तुम्हाला : ‘सिस्टर, नेमकं काय काढणार?’ तेव्हा फॉर्मवरचा शब्द तुम्हाला नीट फोडता आलाच पाहिजे. तिला समजलेलं नाही असं वाटलं तर सही थांबवा आणि डॉक्टरांना परत बोलवा.

वहीत एकेका अवयवाला एक पान द्या आणि त्याखाली तिन्ही शेवट लिहा. स्प्लेन म्हणजे प्लीहा, थोरॅको म्हणजे छाती, क्रेनिओ म्हणजे कवटी, गॅस्ट्रो म्हणजे जठर. काही जागा रिकाम्या राहतील, राहू द्या. गॅस्ट्रेक्टमी आणि गॅस्ट्रॉस्टमी मात्र दोन्ही भरा, आणि त्या दोन पेशंटना जेवण देण्याच्या सूचना वेगळ्या का असतात, ते खाली चार ओळींत लिहून आणा.