मॅप असताना एफमॅप कशाला?

हास्केल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली की हा प्रश्न येतोच. मॅप आणि एफमॅप, रिटर्न आणि प्युअर, मॅपएम आणि ट्रॅव्हर्स. एकाच कामाला दोन-दोन नावं. फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणारी डिचोली-साखळीकडची मुलं माझ्याकडे शिकायला बसतात, तीही विचारतात, "दादा, यातलं वापरायचं कुठलं?" मी म्हणतो, आधी कुठलं कधी आलं ते बघ.

मोनाड, म्हणजे आधीच्या पायरीच्या उत्तरावर पुढची पायरी ठरवू देणारी रचना, हास्केलच्या अधिकृत व्याख्येत आला १९९६च्या १.३ आवृत्तीत. ॲप्लिकेटिव्ह ही त्याहून सर्वसाधारण रचना, तिच्यात पायऱ्या एकमेकींच्या उत्तरावर अवलंबून नसतात; तिची मांडणी करणारा मॅकब्राइड आणि पॅटरसन यांचा लेख २००८चा. रिटर्न, मॅपएम ही मोनाडकडची नावं, प्युअर, ट्रॅव्हर्स ही ॲप्लिकेटिव्हकडची. म्हणजे लेक आधी जन्मला, बाप मागाहून! प्रत्येक मोनाड ॲप्लिकेटिव्ह असलाच पाहिजे, ही सक्ती व्हायला २०१५ साल उजाडलं, जीएचसी या हास्केलच्या कंपायलरच्या ७.१० आवृत्तीत. तोवर रिटर्न सगळ्यांच्या कोडमध्ये मुरलं होतं; काढायचं तर तो सगळा कोड मोडणार. मॅपचं उलट झालं. १.४मध्ये तो कुठल्याही फंक्टरवर, म्हणजे आतल्या किमतींवर फंक्शन चालवता येईल अशा कुठल्याही रचनेवर, चालायचा, हास्केल ९८मध्ये मुद्दाम लिस्टपुरता ठेवला, नवशिक्याला एरर मेसेज कळावा म्हणून; बाकी फंक्टरांसाठी एफमॅप. मला हा निर्णय आजही पटतो.

स्ट्रिंगचं मात्र पटत नाही. ती कॅरॅक्टरची लिस्ट आहे. शिकवायला छान, पण ६४ बिटांच्या मशीनवर लिस्टचा एकेक दुवा २४ बाइट खातो आणि देवनागरी कॅरॅक्टरला वर आणखी १६ लागतात. जीएचसीआयमध्ये, म्हणजे एकेक ओळ टाइप करून लगेच उत्तर बघायच्या खिडकीत, अवतरणात "गोवा" टाइप करून एंटर मारा. समोर येतं २३२७, २३७९, २३५७, २३६६, प्रत्येकामागे बॅकस्लॅश. काही बिघडलेलं नाही. शो हे फंक्शन आस्कीबाहेरचं प्रत्येक चिन्ह आकड्यात दाखवतं, नियमच तसा आहे. पुटएसटीआरएलएन वापरलं की गोवा नीट दिसतो. लेंग्थ चार येते, कारण काना आणि ओकार वेगळे मोजले जातात. मराठी मजकुरावर काम करायचं असेल तर पहिल्या दिवसापासून स्ट्रिंगऐवजी डेटा.टेक्स्टमधला टेक्स्ट हा प्रकार घ्या, लेंग्थ तिथेही चारच येईल, पण मेमरी वाचेल.

बाकीचं थोडक्यात. लिस्टमधला पहिला घटक देणारा हेड रिकाम्या लिस्टवर कोसळतो, जीएचसी ९.८पासून त्यावर वॉर्निंग येते, ती बंद करू नका, पॅटर्न मॅचिंग करा, म्हणजे रिकामी आणि भरलेली लिस्ट वेगवेगळी हाताळा. बेरजेसाठी साधा फोल्डएल नको, नावाच्या शेवटी प्राइम (') असलेला घ्या. नव्या कोडमध्ये प्युअर आणि ट्रॅव्हर्स लिहा. जुन्यातलं रिटर्न दिसलं म्हणून बदलत बसू नका, ते बरोबरच चालतं.