डीएनए दुरुस्ती शिकताना या चुका टाळा

डीएनएची प्रत काढताना पडलेल्या विजोड जोड्या सुधारणं म्हणजे मिसमॅच रिपेअर. त्यावर दरवर्षी उत्तरपत्रिकांत तेच वाक्य भेटतं: 'पेशी चुकीचा बेस ओळखते आणि काढून टाकते.' (बेस म्हणजे डीएनएची ए, टी, जी, सी ही अक्षरं; ए समोर टी आणि जी समोर सी ही योग्य जोडी.) वाचायला ठीक वाटतं, पण खरी गोम तिथेच आहे.

एका तोंडी परीक्षेत एका मुलीने हेच सांगितलं. मी फळ्यावर वरच्या धाग्यात जी, त्याच्यासमोर टी लिहिला आणि विचारलं, यातला चुकीचा कोणता? "टी," ती लगेच म्हणाली. का, म्हटल्यावर गप्प झाली. जी आणि टी दोघेही अस्सल बेस. चूक आहे ती त्यांच्या जोडीत. टी बदलला तर जी-सी, जी बदलला तर ए-टी. दोन्ही जोड्या निर्दोष दिसतात, पण बाजू चुकली तर मूळ अक्षरच पुसलं जातं आणि उत्परिवर्तन कायम होतं.

प्रत काढताना जुन्या धाग्यासमोर नवा तयार होतो आणि चूक त्या नव्यात होते, म्हणून पेशीला आधी नवा धागा ओळखावा लागतो. ई. कोलाय जिवाणूत जीएटीसी या क्रमातल्या ए वर मिथाइल गट, म्हणजे एक छोटी रासायनिक खूण, असतो. नव्या धाग्यावर तो थोडा उशिरा चढतो. मग तीन प्रथिनं कामाला लागतात: म्युटएस विजोड जागा पकडतं, म्युटएल निरोप पुढे नेतं आणि म्युटएच मिथाइल नसलेल्या धाग्यालाच छेद देतं. मी वरच्या धाग्यावर मिथाइलचं टिंब दिलं. "मग टी जाणार," ती म्हणाली, आणि या वेळी कारणासकट. माझी सवय सांगतो: जुना धागा निळा, नवा लाल काढल्याशिवाय मी पुढची ओळ लिहीत नाही. माणसात म्युटएच नसतं, तेव्हा जिवाणूची आकृती तशीच उचलू नका.

दुसरी चूक घाईची. पाठांतराच्या नोट्समध्ये 'अब्जात 1 चूक' (म्हणजे अब्ज बेस जोडताना एक) एवढंच असतं, आणि मुलं सगळं श्रेय प्रूफरीडिंगला देऊन मोकळी होतात. ढोबळमानाने पॉलिमरेज, म्हणजे नवा धागा जोडणारं एंझाइम, लाखात 1 चूक करतं. आपणच नुकता जोडलेला चुकीचा बेस मागे सरून कापल्यामुळे, म्हणजेच प्रूफरीडिंगमुळे, ती कोटीत 1 वर येते. उरलेली शंभरपट सुधारणा मिसमॅच रिपेअरची, आणि ती प्रतिकृती पुढे सरकल्यावर होते. हे तीन आकडे एकाखाली एक लिहा. अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

अतिनील किरणांनी एकमेकांना चिकटलेले थायमिन (टी) इथे आणू नका. ती वेगळी दुरुस्ती. डीएनए दुरुस्तीसाठी 2015 चं रसायनशास्त्राचं नोबेल लिंडाल, मॉड्रिच आणि संजार यांना मिळालं. मिसमॅच रिपेअर मॉड्रिच यांचं.

आणि लिंच सिंड्रोममध्ये (मिसमॅच रिपेअरच्या जनुकातल्या बिघाडाने कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक विकार) जन्मापासून दुरुस्ती बंद असते, असं लिहू नका. वारशाने सहसा जनुकाची एकच प्रत बिघडलेली येते. एखाद्या पेशीतली दुसरीही गेली, की त्या पेशीत चुका साचू लागतात.