ग्रास कटरचं इंजिन टिकवायचं तर

आंबा-काजूच्या बागेतलं गवत दसऱ्याच्या सुमारास काढून झालं की ग्रास कटर तसाच मांगरात (बागेतल्या खोपटात) टांगला जातो. इंजिन बिघडायला सुरुवात होते ती बहुधा तिथेच. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्या किनाऱ्यावर ओलाव्याला काय तोटा! म्हणून ठेवण्याआधी टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरही (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) कोरडा होतो. स्पार्क प्लग काढून आत ऑइलचे दोन-चार थेंब सोडा, दोरी हळूच ओढा, प्लग परत लावा. फोर-स्ट्रोक (ऑइल वेगळं भरायच्या) इंजिनाचं ऑइल साधारण दर 50 तासांनी बदला. नव्या मशीनचं पहिलं ऑइल त्याच्या बरंच आधी. टू-स्ट्रोकला (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायच्या इंजिनाला) पेट्रोल-ऑइल मिश्रणाचं प्रमाण पुस्तिकेतलंच धरा, शेजाऱ्याच्या अंदाजाचं नको.