‘ह्याला काढा’ म्हणण्याआधी: ड्रायव्हरच्या सीटवरून वाद कसा घालावा

जुलै २०२४. फॉर्म्युला वनच्या हंगेरी रेसच्या क्वालिफायिंगला, म्हणजे सुरुवातीच्या जागा ठरवणाऱ्या तीन सत्रांत, सर्जिओ पेरेझने पहिल्याच सत्रात गाडी ठोकली. आधीच्या सिल्व्हरस्टोनलाही तो पहिल्याच सत्रात वाळूत रुतला होता. माझ्या धाकट्या दिरांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाले, "वहिनी, आज काही बोलू नका."

भावोजी चेकोचे, म्हणजे पेरेझचे, जुने भक्त. २०२० च्या साखीर रेसमध्ये पहिल्याच लॅपला शेवटी फेकला गेलेला हा माणूस ती रेस जिंकला, तेव्हापासूनचे. मी कोल्हापूरजवळ एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात काम करते आणि रेसची वही ठेवते. त्या वर्षभर आमच्या घरात एकच वाद होता: रेड बुल संघाच्या दोन गाड्यांपैकी पेरेझची सीट राहावी की जावी? भांडता भांडता वाद घालायची एक पद्धत बसली. तीच इथे सांगते. असे वाद मला मनापासून आवडतात, पण ते नीट घातले नाहीत तर कुणाच्या तरी उभ्या आयुष्याच्या मेहनतीची दोन वाक्यांत वासलात लागते.

सगळ्यात आधी प्रश्न फोडून घ्या. ‘तो सीटच्या लायकीचा आहे का’ ह्या एका प्रश्नात तीन प्रश्न असतात. त्याने आजवर काय कमावलं? आज तो काय देतोय? आणि त्याच्या जागी येणारा जास्त देईल का? भावोजी पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचे, मी दुसऱ्याचं, आणि तिसऱ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. तीन आठवडे आम्ही एकमेकांशी बोलतच नव्हतो, फक्त आळीपाळीने आवाज चढवत होतो. पहिल्या प्रश्नावर भावोजींचं म्हणणं मला पूर्ण मान्य होतं. रेड बुलसाठी पाच विजय, २०२३ ला अजिंक्यपदात दुसरा नंबर, २०२१ ला अबू धाबीत सहकारी मॅक्स व्हर्स्टॅपनसाठी प्रतिस्पर्धी हॅमिल्टनला अडवून धरलेले ते लॅप. हे कुणी पुसू शकत नाही. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा, खाली सही करा आणि पान उलटा.

आता दुसरा प्रश्न. इथे वेळ द्या, कारण बहुतेक वाद इथेच कच्चे राहतात.

तुलना फक्त सहकाऱ्याशी करा. फेरारी, मॅक्लारेनवाल्यांची गाडीच वेगळी. क्वालिफायिंगमधलं अंतर काढताना दोघंही ज्या शेवटच्या सत्रात धावले, त्याच सत्रातली वेळ घ्या. सत्र पुढे सरकतं तसा ट्रॅकवर रबर बसतो आणि वेळा आपोआप खाली येतात. एकाची तिसऱ्या सत्रातली वेळ आणि दुसऱ्याची पहिल्या सत्रातली वेळ शेजारी ठेवणं म्हणजे मार्चचा भाव जूनच्या मालाला लावणं. अंतर सेकंदांत मांडू नका, टक्क्यांत मांडा. ऑस्ट्रियाचा लॅप साधारण ६५ सेकंदांचा, बेल्जियममधल्या स्पाचा कोरड्यात १०२ च्या आसपास. तेच तीन दशांश एकीकडे जवळजवळ अर्धा टक्का होतात, दुसरीकडे पाव टक्क्याच्या थोडं वर. पावसातल्या वेळांचा रकाना वेगळा ठेवा. नवे सुटे भाग आधी कुणाच्या गाडीला बसले, हे कळलं तर शेऱ्यात लिहा.

हा शेवटचा रकाना मी का ठेवते, ते सांगते. कोल्हापुरात गो-कार्टिंगचं वेड जुनं आहे आणि माझ्या भावालाही ते होतं. मी ट्रॅकच्या कडेला स्टॉपवॉच घेऊन उभी राहायची. एका रविवारी तो त्याच्या मित्रापेक्षा दर लॅपला चार दशांश मागे पडत होता आणि मी त्याला वळणावर लवकर ब्रेक मारतोस म्हणून बोल बोल बोलले. मग दोघांनी कार्ट बदलले. मित्र मागे पडला, भाऊ पुढे गेला. दोन्ही कार्ट एकाच कंपनीचे, एकाच इंजिनाचे. एकाची चौकट किंचित वाकलेली निघाली. त्या संध्याकाळी भाऊ माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं बरोबर होतं. फॉर्म्युला वनमध्ये रंग एक म्हणून गाडी एक, असं धरू नका. पेरेझच्या आधी ॲलेक्स अल्बन त्याच रेड बुलमध्ये बसला होता. त्या गाडीचं पुढचं टोक इतकं तीक्ष्ण असतं, स्टीअरिंग जरा हललं की इतकं झटकन वळतं, की संगणकाच्या माउसची संवेदनशीलता शेवटपर्यंत वाढवून ठेवल्यासारखं वाटतं, असं त्याने समजावून सांगितलंय. मॅक्स व्हर्स्टॅपनला ते जमतं. इतरांच्या ती गाडी हाताबाहेर जाते.

एवढं सगळं जमेला धरूनही आकडा बघावाच लागतो. २०२४ च्या पहिल्या सहा शर्यतींत पेरेझचे १०३ गुण होते, व्हर्स्टॅपनचे १३६. हा फरक दुसऱ्या नंबरच्या ड्रायव्हरला शोभणारा होता. तेव्हा कुणी ‘काढा’ म्हणालं असतं तर मीच भांडले असते. उरलेल्या अठरा शर्यतींत पेरेझचे ४९. व्हर्स्टॅपनचे ३०१.

ही बेरीज मी दोनदा तपासली. मग कारखान्यात ताळेबंद जुळवताना करतो तसं उलटं गणित मांडलं. त्या वर्षी संघांच्या अजिंक्यपदात, म्हणजे दोन्ही ड्रायव्हरांचे गुण मिळून, मॅक्लारेन ६६६, फेरारी ६५२, रेड बुल ५८९. पहिल्यापासूनचं अंतर ७७. पेरेझच्या ४९ मध्ये ते ७७ मिळवा, १२६ होतात. भागिले अठरा शर्यती, बरोबर ७. म्हणजे दर रेसला सहावा किंवा सातवा नंबर (आठ किंवा सहा गुण) आला असता तरी रेड बुल मॅक्लारेनच्या बरोबरीला पोहोचली असती. एकही रेस जिंकायची गरज नव्हती, पोडियमची, म्हणजे पहिल्या तिनात येण्याचीही नाही. भावोजींना मी हे पान दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

ह्यानंतरची पायरी सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. समोरच्याची बाजू मांडणारे दोन सर्वांत भक्कम पुरावे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहायचे. मी लिहिलं: बाकू २०२४. पेरेझ क्वालिफायिंगला व्हर्स्टॅपनच्या पुढे होता, रेसमध्येही पुढे होता, पोडियमसाठी झुंजत होता आणि अखेरच्या टप्प्यात फेरारीच्या साइन्झशी धडक होऊन शून्यावर आला. पंचांनी दोघांपैकी कुणालाच दोषी धरलं नाही. दुसरा पुरावा: गाडीच बिघडत चालली होती. खुद्द व्हर्स्टॅपन स्पेननंतर सलग दहा रविवार जिंकला नव्हता. भावोजींनी माझ्या बाजूने लिहिलं ते ब्राझील. त्याच पावसात व्हर्स्टॅपन सतराव्या जागेवरून निघून जिंकला. पेरेझ अकरावा, गुण नाही. आणि स्पा: पहिल्या रांगेतून सुरुवात करून तो आठवा पोहोचला, पहिला आलेला रसेल नंतर अपात्र ठरला म्हणून सातवा धरला गेला. हे लिहिताना त्यांना त्रास होत होता, मला दिसत होतं. पण त्यानंतर आमचा आवाज कधी चढला नाही.

काय लिहायचं नाही, तेही ठरवून घ्या. ‘मेक्सिकोच्या पैशावर बसलाय’ हे वाक्य आमच्या घरी बंद आहे. प्रायोजक होते, हे उघड आहे. पण सीटच्या निर्णयात त्यांचा वाटा किती, हे करार न वाचता आपण कसं सांगणार? तसंच ४ जून २०२४ ला, मोनॅकोत पहिल्याच लॅपला गाडीचा चुराडा झाल्यावर नऊ दिवसांनी, रेड बुलने त्याचा करार दोन वर्षांनी वाढवला. तो निर्णय मला तेव्हाही चुकीचा वाटला आणि आजही वाटतो. पण चूक देणाऱ्याची. समोर आलेल्या करारावर सही करणाऱ्या ड्रायव्हरला त्यासाठी बोल लावू नका.

मग तिसरा प्रश्न: जागी कोण? नाव न सांगता ‘काढा’ म्हणणाऱ्याशी मी वाद पुढे नेत नाही. रिकामी सीट गुण आणत नाही. आणि नाव सांगताना त्या सीटचा इतिहासही सांगावा लागतो. पिएर गास्लीला २०१९ ला बारा शर्यतींनंतर तिथून हलवलं. त्याच वर्षी रेड बुलच्याच लहान संघातून तो ब्राझीलला दुसरा आला आणि २०२० ला मोन्झा जिंकला. अल्बन दीड सीझन टिकला. पेरेझनंतर लियाम लॉसन आला, त्याला दोन शर्यती मिळाल्या. मग युकी त्सुनोदा: रेड बुलमध्ये बावीस शर्यती आणि ३० गुण. पेरेझच्या त्या वाईट अठरा शर्यतींतले ४९ आठवा.

दुसरीकडे मॅक्लारेन. २०२२ ला रिकार्डोचे ३७ गुण, सहकारी नॉरिसचे १२२. रिकार्डोचा करार एक वर्ष आधी संपवला, पियास्ट्रीला आणलं, आणि दोन वर्षांत संघ अजिंक्य झाला. ती गाडी दुसऱ्या ड्रायव्हरलाही चालवता येत होती. म्हणून हे दोन दाखले एकमेकांवर चिकटवू नका.

लॉसनबद्दल मला अजूनही वाईट वाटतं. मेलबर्न आणि शांघाय, ह्या दोन्ही ट्रॅकवर तो फॉर्म्युला वनची गाडी घेऊन पहिल्यांदाच धावत होता. शांघायला तर स्प्रिंट, म्हणजे शनिवारची छोटी रेस, असल्याने सरावाचं एकच सत्र. तेवढ्यावर त्याचा निकाल लागला. त्याच वर्षी बाकूत तो लहान संघातून पाचवा आला. माझा नियम असा: वेगवेगळ्या धाटणीच्या निदान सहा ट्रॅकआधी कुणाबद्दलही ‘काढा’ हा शब्द वहीत उमटू द्यायचा नाही. बाहेर ताटकळणाऱ्यांचा विचार मात्र रोज करायचा. आपल्या मुंबईचा जेहान दारुवाला रेड बुलच्या ज्युनियर चमूत होता आणि त्याच्यापर्यंत फॉर्म्युला वनची सीट आलीच नाही. सीटवर बसलेल्याला दिलेली प्रत्येक संधी अशा कुणाच्या तरी वाट्यातून जाते.

सगळं झालं की दोघांनी एकेका वाक्यात निकाल लिहायचा, तारखेसह. तारीख हवीच, नाहीतर डिसेंबरमध्ये प्रत्येक जण ‘मी आधीच म्हटलं होतं’ म्हणतो. वरचे वर्षअखेरीचे आकडे यायच्या आधीच, २८ जुलै २०२४ ला, स्पाची रेस संपल्यावर मी लिहिलं: "सुट्टीनंतर पेरेझ नको, लॉसनला बसवा." भावोजींनी लिहिलं: "सीझन पूर्ण करू द्या, मग सन्मानाने सोडा." १८ डिसेंबरला रेड बुल आणि पेरेझ वेगळे झाले, सीझन संपल्यावर. पेरेझ जायला हवा होता, ह्या माझ्या मतावर मी ठाम आहे. ४९ हा आकडा बदलत नाही. पण लॉसनचं नाव मी त्या सीटचा इतिहास न बघता लिहिलं होतं, आणि ती ओळ खोडायची नाही असं आमचं ठरलंय.

पेरेझला २०२६ साठी कॅडिलॅक ह्या नव्या संघाने घेतलं, सहकारी म्हणून बोटास. रेड बुलची ती सीट इसाक हाजारकडे गेली. भावोजींनी पेरेझ-बोटासचं पान आखलंय, मी हाजारचं. माझ्या पानावर शेऱ्याचा रकाना सहाव्या रेसपर्यंत पेन्सिलीने बंद करून ठेवलाय.