गोव्यात नवे आहात? आधी कामाची पाळी मागून घ्या

फोंड्याजवळच्या गावात भाड्याने राहायला आलो, तेव्हा पहिले आठ महिने माझी ओळख एकट्या पोदेराशी. सकाळी सायकलची पों पों ऐकू आली की चार पाव घ्यायचे, सुटे पैसे द्यायचे, संपले. वाड्याच्या (म्हणजे आमच्या वस्तीच्या) व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र रोज न चुकता सुप्रभात टाकत होतो. त्याने एकही दार उघडले नाही. ज्याने उघडले, ते खाली क्रमाने सांगतो.

आधी एक जागा आणि एक वार ठरवा, आणि तीन महिने मोडू नका. देवळातले साप्ताहिक भजन चालेल, तिंट्यावरचे (तिठ्यावरचे) चहाचे दुकान चालेल. पणजीकडे राहत असाल तर पाटोवरचे कृष्णदास शामा ग्रंथालय आहेच. 1832 पासूनची संस्था, आणि मराठी पुस्तके भरपूर. लोक आधी चेहरा ओळखतात, नाव फार नंतर विचारतात. घाई करू नका.

मग काम मागा. इथेच बहुतेक जण चुकतात. “काही मदत हवी का?” असे विचारले की सभ्य माणूस “नको, नको” म्हणणारच. त्यापेक्षा नेमके विचारा: “माटोळी बांधताना शिडी धरायला येऊ?” (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळे टांगायची लाकडी चौकट.) मी असेच विचारले. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आदल्या दिवशी दोन तास शिडी धरून उभा होतो आणि वर नारळ, सुपारीचे शिपटे, तोरिंगां (पपनसे) बांधली जात होती. खाली उतरल्यावर शेजारच्या काकी म्हणाल्या, “रातीं आरतीक यो.”

घुमट आरतीला वाड्यातली माणसे घरोघर फिरतात. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे, आणि मागच्या लहान तोंडावर डावा तळवा ठेवत-उचलत नाद बदलायचा. पूर्वी घोरपडीचे कातडे असे, आता बकऱ्याचे. मला अर्थातच कुणी घुमट दिले नाही, कासाळे (झांज) दिले. कासाळ्याची चूक लपत नाही, हे दुसऱ्याच घरी कळले. पण कुणी हसले नाही, नुसते खांद्यावर बोटांनी ताल देऊन दाखवला. गाता-वाजवता येत नसेल तर जत्रेच्या नाटकाच्या तालमीला जा. स्वच्छ मराठी वाचणारा प्रॉम्प्टर सगळ्यांनाच हवा असतो.

कामाची पाळी झाली की तुम्ही आत आलात. वास्कोच्या दामोदर सप्ताहात भजन 24 तास अखंड चालते, कारण एक दमला की दुसरा उभा राहतो. म्हणून ठरलेली पाळी चुकवू नका. जमणार नसेल तर आदल्या दिवशीच सांगा आणि बदली माणूसही सुचवा.

आता फोन. ग्रुप निरोपांसाठी ठेवा: पेटी कोण आणणार, तालीम किती वाजता, कुणाकडे पिण्याचे पाणी संपले आहे. वाद झाला तर तिथे उत्तर देऊ नका, त्याच संध्याकाळी घरी जा. फोन न वापरणारी म्हातारी माणसे प्रत्येक वाड्यात असतात. त्यांना निरोप सांगायची जबाबदारी एकाने घ्यावी (ती मी घेतली, आणि सर्वांत जास्त ओळखी त्यातूनच झाल्या). ऑनलाइन ओळख झालेल्यांना आधी चारचौघांत भेटा, घरी नंतर बोलवा. ग्रामसभेलाही जाऊन बसा. पहिल्या दोन वेळा फक्त ऐका.

कुणी दोन वेळा दिसला नाही तर मेसेज नको, फोन करा.

आणि नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा आला तर तो रिकामा परत पाठवू नका. पहिल्या वर्षी मी त्यात बाजारच्या चकल्या भरल्या. काकींनी एक मोडून पाहिली, काही बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी भाजणी मळायला बोलावून घेतले.