आमच्या बंड्याला कच्चं मांस कसं लागलं

बंड्या म्हणजे आमचा फेरेट, मुंगसासारखा लांबट, मांसाहारी पाळीव प्राणी. आमच्याकडे आला तेव्हा दीड वर्षाचा होता. सिडकोतल्या चिकनवाल्याकडून ताजे तुकडे आणून ठेवले, तर हुंगून निघून गेला. फेरेटची आवड पहिल्या सहा महिन्यांतच पक्की होते आणि हा वाढला होता कोरड्या दाण्यांवर.

मी चूक केली ती दाणे एकदम बंद करण्याची. याचं आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं, त्यामुळे जास्त वेळ उपाशी ठेवणं धोक्याचं. संध्याकाळी तो मलूल पडलेला पाहून माझा जीव खालीवर झाला. लगेच दाणे दिले.

मग चिकनचा खिमा कोमट पाण्यात सरसरीत वाटला आणि बोटाने त्याच्या ओठाला लावला. पहिले दोन दिवस नुसतंच तोंड पुसलं. तिसऱ्या दिवशी जीभ बाहेर आली, बोट चाटलं! पुढे त्यातच दाणे भिजवून रोज थोडे कमी करत गेलो. महिन्याभराने तो पंखाचं कच्चं हाड कुडुमकुडुम चावायला लागला. शिजवलेलं हाड मात्र कधीच देऊ नका, त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात.

आता त्याच्या एक किलो खाण्यात साधारण १०० ग्रॅम हाड, ५० ग्रॅम कलेजी, ५० ग्रॅम मूत्रपिंडासारखे इतर अवयव, बाकी मांस. त्यात कोंबडीचं हृदय असतंच, टॉरिन या त्याला लागणाऱ्या पोषकद्रव्यासाठी. श्रावणात घरात मांस येत नाही, म्हणून आधीच पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवतो. आईनेच त्यासाठी खालचा कप्पा मोकळा करून दिला.

आणि हो, फेरेट मांसाचे तुकडे लपवून ठेवतात. आमच्या नाशिकच्या एप्रिलमधल्या उकाड्यात ते लगेच खराब होतात, तेव्हा सोफ्यामागे रोज हात घालून बघा.